लिहिलेल्या पानांचे काय?

एप्रिल महिना सरत आला, की आमच्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत अजूनही एक काम ठरलेले असते. वार्षिक परीक्षा संपलेली असते, दप्तर कोपऱ्यात पडलेले असते, आणि दुपारच्या निवांत वेळी आई किंवा थोरली बहीण वर्षभराच्या वह्या घेऊन ओट्यावर बसते. प्रत्येक वहीची उरलेली कोरी पाने हलक्या हाताने सोडवून वेगळी केली जातात. मग दाभण आणि जाड दोरा घेऊन त्यांची एक कच्ची वही शिवली जाते. ती पुढच्या वर्षी गणिते सोडवण्यास उपयोगी पडते. लिहिलेली पाने मात्र रद्दीच्या गठ्ठ्यात जातात. काटकसर हा सद्गुण आहे, आणि आमचेही बालपण अशाच शिवलेल्या वह्यांवर गेले. तरीही हे दृश्य पाहताना दरवर्षी आमच्या मनात एक प्रश्न येतो. कोरी पाने आपण जपून ठेवतो. पण लिहिलेली पाने रद्दीवाल्याच्या तागडीत घालण्यापूर्वी त्यांच्याकडे एकदा तरी कोणी पाहतो काय?

महाराष्ट्रात बहुतेक वर्षी १ मेच्या सुमारास शाळांचे निकाल लागतात. प्रगतिपुस्तक हाती येते, गुण मोजले जातात, शेजारच्या मुलाचे गुणही विचारले जातात, आणि संध्याकाळपर्यंत वर्षाचा हिशेब बंद होतो. निकाल आवश्यक आहे, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु जूनपासून एप्रिलपर्यंत त्या मुलाच्या जीवनात जे घडले, ते सारे काही निकालात उतरत नाही. कोणाशी मैत्री जडली आणि कोणाशी तुटली, कोणते खोटे पचून गेले, कोणत्या भीतीवर मात केली, आजारी आजीच्या उशाशी किती संध्याकाळी काढल्या, यासाठी प्रगतिपुस्तकात रकाना नसतो. म्हणून वर्षाच्या अखेरीस मुलांना मागे वळून पाहण्यास शिकवावे, असे अनेक शिक्षक आज सांगतात, आणि ते योग्यच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शिक्षकांच्या मूल्यमापनाच्या जोडीला विद्यार्थ्याने केलेले स्वतःचे मूल्यमापन आणि सोबत्यांनी केलेले मूल्यमापनही प्रगतिपुस्तकात असावे, असे सुचवले आहे.

येथपर्यंत सारे सरळ आहे. प्रश्न त्यापुढचा आहे आणि तो नीतीचा आहे. मुलाने स्वतःच्या अंतःकरणात डोकावून जे पाहिले, ते पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? त्याला मागे वळून पाहण्यास शिकवणे आणि त्याने जे पाहिले ते त्याच्याकडून काढून घेणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. तो आमच्याच एका चुकीतून आला आहे, आणि ती चूक आधी सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू असताना तेथील शाळेची जबाबदारीही आमच्याकडे होती. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर आठवीच्या मुलांना आम्ही एकेक कोरा कागद दिला. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: या वर्षी मी काय शिकलो? माझ्या हातून काय चुकले? पुढच्या वर्षी मी काय करीन? ‘मोकळेपणाने लिहा,’ असे सांगितले आणि अर्ध्या तासाने सारे कागद गोळा करून आमच्या खोलीत नेले.

रात्री ते वाचू लागलो. जवळजवळ सर्व कागदांवर एकच मजकूर होता. या वर्षी मी शिस्त शिकलो. अभ्यासात आळस केला. पुढच्या वर्षी आईवडिलांची व शिक्षकांची आज्ञा पाळीन आणि नेमाने मिस्साला जाईन. मुले चाणाक्ष असतात. फादरांना काय वाचायला आवडेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आम्ही त्यांना आत्मचिंतन करण्यास सांगितले होते. त्यांनी आम्हांला आणखी एक उत्तरपत्रिका सोडवून दिली होती.

एकच कागद वेगळा होता. सहामाही परीक्षेत एक गणित येत नव्हते म्हणून त्या मुलाने पुढच्या बाकावरील मित्राचे उत्तर उतरवले होते. दोघांच्या उत्तरांत तीच चूक सापडली. मित्र अभ्यासात यथातथाच होता, तेव्हा नक्कल त्यानेच केली असणार, असे सर्वांनी धरून चालले. त्याचे गुण कापले गेले, त्याला वर्गात उभे करण्यात आले. हा मात्र गप्प राहिला. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद होते. कागदाच्या शेवटी त्याने लिहिले होते, की मला त्याच्याशी पुन्हा बोलायचे आहे, पण कसे ते समजत नाही.

तो कागद वाचून आम्हांला खरे तर आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकाने आम्ही ती गोष्ट वर्गशिक्षकांच्या कानावर घातली. वर्गशिक्षक न्यायी होते. एका मुलावर अन्याय झालेला कळल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. दोन्ही मुलांना बोलावण्यात आले, त्यांच्या पालकांना बोलावण्यात आले, गुणांची दुरुस्ती झाली. सारे नियमाप्रमाणे झाले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर तो मुलगा चर्चच्या पायरीवर उभा होता. मान खाली घालून तो एवढेच म्हणाला, “फादर, मी ते तुम्हांला लिहिलं होतं.”

पुढच्या वर्षी नववीत आम्ही पुन्हा कागद वाटले. त्याच्या कागदावर या वेळी इतरांचाच मजकूर होता. शिस्त, आळस, आज्ञापालन.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, फादर, यात तुमचे काय चुकले? ज्याच्यावर खोटा आळ आला होता, त्या मुलाचा विचार कोणी करावयाचा? सत्य बाहेर यावयास नको होते काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन आम्हांला पुढे जाता येणार नाही. सत्य बाहेर यावयास हवेच होते. त्या निरपराध मुलाला त्याचे नाव परत मिळावयासच हवे होते. पण ते कोणाच्या मुखातून बाहेर यावे, हा खरा प्रश्न आहे. तो मुलगा स्वतः मित्रासमोर जाऊन उभा राहिला असता, तर मित्राला त्याचे गुण मिळाले असतेच, शिवाय मित्रही मिळाला असता. आमच्या घाईने सत्य बाहेर आले; परंतु ते सांगण्याची संधी ज्याची होती, त्याच्या हातून ती हिरावली गेली. त्याने आमच्याकडे वाट विचारली होती. आम्ही त्याला वाट दाखवली नाही. त्याच्याऐवजी आम्हीच चालत जाऊन मोकळे झालो.

लूककृत शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. यरीहो नगरातील तो जकातदार उंबराच्या झाडावर चढून बसला होता. त्याने किती जणांना लुबाडले, हे प्रभूला ठाऊक नव्हते असे नाही. पण प्रभूने झाडाखाली उभे राहून त्याच्या हिशेबाची वही गर्दीला वाचून दाखवली नाही. त्याला नावाने हाक मारली आणि आज मी तुझ्या घरी उतरणार, एवढेच सांगितले. मग अर्धी संपत्ती गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची गोष्ट जक्कय स्वतः उभा राहून बोलला. लुबाडल्या गेलेल्यांना न्याय मिळाला, आणि तो देणारा माणूसही बदलला. आमच्या शाळेत न्याय मिळाला, परंतु दुसरी गोष्ट घडली नाही.

सेमिनरीत आम्ही शिकत होतो, तेव्हा रेक्टर आणि आध्यात्मिक मार्गदर्शक हे दोन वेगवेगळे धर्मगुरू असत. त्या वयात आम्हांला ती केवळ कामाची वाटणी वाटे. त्यामागचे कारण पुढे या प्रसंगानंतर नीट उमगले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ साली जारी केलेल्या कॅनन लॉमध्ये काही कलमे अशी आहेत, की ती प्रापंचिकांच्या कानी क्वचितच पडतात. सेमिनरीतील विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की घरी पाठवावे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही विचारता येत नाही, असे २४० वे कलम सांगते. धर्मसंघातील वरिष्ठांनी आपल्या सभासदांना अंतःकरण उघडे करण्यास कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करू नये, असे ६३० वे कलम बजावते. सभासद आपखुशीने येऊन बोलला, तर गोष्ट वेगळी. पापनिवेदनात कळलेली गोष्ट, गुपित फुटण्याचा मुळीच धोका नसला तरी, निवेदकाच्या तोट्यासाठी वापरता येत नाही, असे ९८४ वे कलम म्हणते. आणि ९८५ वे कलम तर थेट आमच्या प्रश्नाला भिडते: सेमिनरीच्या किंवा अन्य शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने, त्याच वास्तूत राहणाऱ्या विद्यार्थ्याने एखाद्या प्रसंगी स्वतः होऊन विनंती केल्याखेरीज, त्याचे पापनिवेदन ऐकू नये.

या कलमांमागे माणसाच्या स्वभावाची खोल जाण आहे. ज्याच्या हाती आपले भवितव्य आहे, त्याच्यापुढे माणूस सहसा उघडा होत नाही. तो आपल्याला शोभेल असे बोलतो. आणि जर कधी विश्वासाने उघडा झालाच, तर ऐकणाऱ्याचे दोन्ही हात अडचणीत येतात. एका हाताने त्याला जपावयाचे असते, दुसऱ्या हाताने त्याचा निवाडा करावयाचा असतो. म्हणून ख्रिस्तसभेने शतकानुशतकांच्या अनुभवानंतर निवाडा करणारा आणि अंतःकरण ऐकणारा यांना वेगळे ठेवले. प्रौढ धर्मसंघीयांसाठी आणि सेमिनरीतील तरुणांसाठी जी काळजी ख्रिस्तसभा घेते, ती तेरा वर्षांच्या मुलासाठी आम्ही घेतली नव्हती. वर्गात भरलेला कागद म्हणजे पापनिवेदन नव्हे, त्याला संस्काराची मोहर नसते, हे खरे. पण ते लिहिणाऱ्या मुलाला हा फरक कोण समजावून सांगणार? त्याने फादरांना लिहिले होते, एवढेच त्याला ठाऊक होते.

मग मुलांना मागे वळून पाहण्यास शिकवूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. या बाबतीत संत इग्नेशियस लोयोला यांच्याइतका चांगला वाटाड्या क्वचितच मिळेल, कारण ते स्वतः मोठ्या वयात विद्यार्थी झाले होते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत त्यांचा पाय तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला, आणि पुढे १५२४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते बार्सिलोना येथे लॅटिनचे प्राथमिक व्याकरण शिकू लागले. पाठांतराला बसले, की त्यांच्या मनात अध्यात्माचे नवनवे उत्कट विचार येत आणि पाठ बाजूला राही. विचार पवित्र होते, त्यामुळे त्यांना दूर कसे सारावे? परंतु इग्नेशियस यांना स्वतःकडे पाहण्याची सवय होती. त्यांच्या ध्यानात आले, की प्रार्थनेला किंवा मिस्साला बसल्यावर इतके उत्कट विचार येत नाहीत, ते नेमके व्याकरणाच्या वेळीच येतात. तेव्हा हा मोह आहे, हे त्यांनी ओळखले. मग ते आपल्या गुरुजींना सांता मारिया देल मार या चर्चमध्ये घेऊन गेले, मनातले सारे सांगितले आणि पुढची दोन वर्षे आपण लक्ष देऊन शिकू, असे वचन दिले.

या घटनेत गुरुजींनी काही विचारले नव्हते. शिष्याने आधी स्वतः पाहिले, मग स्वतः ठरवले, आणि मग स्वतःच्या पायांनी चालत जाऊन सांगितले. पुढे १५४८ मध्ये पोपमहोदयांच्या मान्यतेने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात दैनंदिन आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिलेल्या आहेत. पहिली पायरी देवाचे आभार मानण्याची आहे. दुसरी, स्वतःला ओळखण्यासाठी कृपा मागण्याची. दिवसाचा आढावा त्यानंतर येतो, मग क्षमायाचना आणि अखेरीस सुधारणेचा संकल्प. आम्ही फळ्यावर जे तीन प्रश्न लिहिले होते, त्यांत आभार नव्हते आणि कृपेची याचना तर नव्हतीच. चूक शोधण्याआधी माणसाने आपल्याला काय काय मिळाले ते पाहावे, हा क्रम सोयीसाठी नाही. आपल्यावर प्रेम केले गेले आहे, एवढी खात्री ज्याला वाटते, त्यालाच स्वतःच्या चुकीकडे न घाबरता पाहता येते.

त्या प्रसंगानंतर आम्ही आमची रीत बदलली, ती वाचकांपुढे ठेवतो. शेवटच्या दिवशी मुलांना कागद देतो, पण तो गोळा करीत नाही. तो त्यांचा असतो. घरी न्यावा, बायबलात ठेवावा, वाटल्यास फाडून टाकावा. पहिला प्रश्न असतो, या वर्षी तुला कोणी मदत केली? दुसरा, तू कोणाच्या उपयोगी पडलास? तिसरा, कोणाशी तुझे काही राहून गेले आहे? चौथा, ते तुला मिटवावयाचे असेल, तर पहिले पाऊल कोणते? मुले लिहीत असतात, तेव्हा आम्हीही कागद घेऊन बाकावर बसतो आणि लिहितो. आणि लिहून झाल्यावर आमच्याकडून वर्षभरात झालेली एक चूक वर्गाला सांगतो. त्यांनी त्यांची सांगावी, असे म्हणत नाही. ज्यांना बोलावयाचे असेल, त्यांना केव्हा आणि कोठे भेटता येईल, तेवढे सांगतो. बहुतेक येत नाहीत. दोन-तीन येतात, तेही एप्रिलमध्ये नव्हे, कधी जूनमध्ये, कधी नाताळच्या सुमारास.

एक मर्यादा मात्र आधीच स्पष्ट सांगावी लागते, आणि ती आम्ही मुलांना सांगतो. कोणी तुमच्या शरीराला किंवा जिवाला अपाय करीत असेल आणि ते आम्हांला सांगितलेत, तर ती गोष्ट आम्ही आमच्यापाशी ठेवणार नाही. तुमच्या रक्षणासाठी ती योग्य ठिकाणी पोहोचवू. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे, आणि तो कायदा नसता तरी आपले कर्तव्य तेच असते. मुलाचा विश्वास जपावयाचा, तो मुलासाठी. अत्याचार करणाऱ्याला आडोसा मिळावा यासाठी नव्हे. कोणते बोलणे आपल्यापाशी राहील आणि कोणते राहणार नाही, हे बोलण्यापूर्वी कळले, म्हणजे मुलाची फसवणूक होत नाही.

आता पालकांशी थोडे बोलावयाचे आहे. निकालाच्या दिवशी घरात जे आत्मपरीक्षण होते, ते बहुधा परुश्याचे असते. मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या त्या दोन माणसांचा दाखला आठवावा. परुशी खोटे बोलत नव्हता. तो खरोखरच उपवास करीत होता आणि उत्पन्नाचा दशमांश देत होता. पण त्याला स्वतःकडे पाहण्यासाठी मागे उभा असलेला जकातदार लागत होता. ‘शेजारच्या मुलीला किती मिळाले?’ हा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा मुलांना आपण नकळत हीच प्रार्थना शिकवतो. आपल्याहून कमी गुणांचा कोणी भेटला, की ती सुखावतात. अधिक गुणांचा भेटला, की खचतात. दोन्ही वेळा स्वतःकडे पाहण्याचे राहूनच जाते.

आणखी एक दाखला या दिवसांत आम्हांला फार जवळचा वाटतो. द्राक्षमळ्यात लावलेल्या अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ आले नाही. मालकाने ते तोडून टाकण्यास सांगितले. माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. पण त्याने झाडाकडून कसलेही वचन घेतले नाही. सभोवती खणीन आणि खत घालीन, असे वचन त्याने स्वतः दिले. वर्षाच्या शेवटी मुलाकडून आपण किती संकल्प वदवून घेतो, आणि स्वतः किती संकल्प करतो? तू अभ्यास करशील ना, तू मोबाईल कमी करशील ना, तू उलट बोलणार नाहीस ना. या जोडीला, मी संध्याकाळी लवकर घरी येईन, तुझ्यासमोर तुझ्या आईशी आवाज चढवून बोलणार नाही, तुझे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय रागावणार नाही, असे एखादे वडील म्हणाले, तर त्या घरातील मुलाला आत्मचिंतनाचा वेगळा पाठ देण्याची गरज उरणार नाही.

त्या मुलाची आम्ही नंतर क्षमा मागितली. त्याने मान डोलावली, इतकेच. त्याने मनापासून क्षमा केली की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही, आणि ते त्याला विचारण्याचा हक्क आमच्याकडे नव्हता.

या वर्षी वह्यांची कोरी पाने सोडवण्यास बसाल, तेव्हा दाभण हाती घेण्यापूर्वी त्या वह्या तासभर मुलाच्या हाती द्याव्यात, एवढीच आमची विनंती आहे. त्याला ती पाने चाळू द्यावीत. कोठे बिघडलेले अक्षर दिसेल, कोठे समासात मित्राचे नाव, कोठे शाईच्या डागाखाली खोडलेले काही. आपण जवळ असावे, भाजी निवडत बसावे. काय वाचतो आहेस, असे मात्र विचारू नये. त्याला सांगावेसे वाटले, तर तो सांगेल. आणि त्याने सांगितलेच, तर ते त्याने आपल्याला सांगितले आहे, हे आपण विसरू नये.